स्की हलक्या की जड? डोंगरी स्नोमोबाइलच्या मागच्या सस्पेन्शनचे गणित

काश्मीरच्या सहलीत गुलमर्गला जाऊन आलेल्या मराठी पर्यटकांना स्नोमोबाइल हे वाहन आता नवे राहिलेले नाही. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, मोटारसायकलसारखे हँडल आणि मागे बसून घेतलेली दहा-पंधरा मिनिटांची फेरी असे तिचे रूप बहुतेकांच्या स्मरणात असते. ही फेरी चाकोरी पडलेल्या, दाबल्या गेलेल्या बर्फावर होते. मात्र याच वाहनाचे एक भावंड अमेरिका व कॅनडाच्या पश्चिमेकडील रॉकी पर्वतरांगांत, वाट नसलेल्या आणि कमरेपर्यंत रुतावे अशा भुसभुशीत बर्फात चढणीवर चालविले जाते. 'माउंटन स्नोमोबाइल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गाडीची खरी करामत तिच्या इंजिनाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, पट्ट्याच्या आत दडलेल्या मागच्या सस्पेन्शनमध्ये असते. ते कसे लावून घ्यावे, हा कॅनडातील रेव्हलस्टोक किंवा अमेरिकेतील कूक सिटीसारख्या डोंगरी गावांत हिवाळाभर चालणारा विषय आहे. बाहेरच्याला तो हौशी मंडळींचा छंद वाटेल. पण त्यामागे प्राणांशी गाठ असलेला एक व्यवहार आहे.

मुळात ही गाडी जन्मली तीच गरजेतून. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील व्हॅलकोर्ट या गावचे मेकॅनिक जोसेफ-आर्मंड बोंबार्दिये यांचा दोन वर्षांचा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद असल्याने त्याला रुग्णालयात नेता आले नाही आणि तो दगावला. बर्फावर चालणारे वाहन बनविण्याच्या ज्या खटपटीत बोंबार्दिये आधीपासूनच होते, तिला या घटनेने धार आली असे सांगितले जाते. पुढे १९५९ मध्ये त्यांच्याच कंपनीने 'स्की-डू' ही छोटी, एक-दोघांनी बसावयाची गाडी बाजारात आणली. आरंभीच्या गाड्यांत पट्टा छोट्या चाकांच्या रांगेवरून फिरत असे. नंतर त्या चाकांची जागा लांब रुळांनी घेतली आणि आजचे सस्पेन्शन आकाराला आले.

डोंगरी गाडी सपाटीवरच्या गाडीहून वेगळी ओळखू येते ती पट्ट्यावरून. चाकोरीतल्या गाडीचा पट्टा सामान्यतः १२० ते १३७ इंच घेराचा, तर डोंगरी गाडीचा १४६ पासून थेट १७५ इंचांपर्यंत असतो. पट्ट्यावरील रबरी दातही अडीच-तीन इंच उंच असतात. चाकोरीतल्या गाडीवर ते इंच-दीड इंचाचेच पुरतात. कारण उघड आहे. भुसभुशीत बर्फावर वजन जितक्या अधिक क्षेत्रफळावर पसरेल, तितकी गाडी कमी रुतते. दोन-सव्वादोनशे किलोची गाडी आणि वर शंभरेक किलोचा, जाड कपडे व पाठपिशवीसह बसलेला चालक, एवढा भार बर्फावर तरता ठेवावयाचा आणि तोच बर्फ मागे रेटून चढही चढावयाचा, अशी दुहेरी कामगिरी या पट्ट्याकडे असते.

या पट्ट्याच्या पोटात अ‍ॅल्युमिनियमचे दोन समांतर रूळ असतात. रुळांच्या तळाशी प्लॅस्टिकच्या गुळगुळीत पट्ट्या बसविलेल्या असतात आणि त्यांवरून पट्टा घसरत फिरतो. हे रूळ गाडीच्या सांगाड्याला दोन भुजांनी जोडलेले असतात, एक पुढची व एक मागची. प्रत्येक भुजेपाशी स्वतंत्र स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतो. पुढच्या भुजेला शिवाय एक मजबूत कापडी वादी बांधलेली असते. तिला 'लिमिटर' म्हणतात. रुळांचे पुढचे टोक खाली किती लोंबू द्यावयाचे, याची मर्यादा ही वादी ठरविते. (अलीकडच्या काही मॉडेलांत या रचनेत बदल झाले आहेत. आर्क्टिक कॅटने २०१९ च्या मॉडेलपासून दोन रुळांऐवजी एकच मधला रूळ असलेली रचना आणली, तर स्की-डूने त्याआधीच मागचा भाग आडव्या दिशेने किंचित कलू शकेल अशी सोय केली. तत्त्व मात्र तेच राहिले.)

हे तत्त्व समजून घेण्यासाठी बैलगाडीचे उदाहरण पुरेसे आहे. गाडीत मागच्या बाजूस ओझे जास्त झाले की ती उलाळ होते. धुरा वर उचलला जातो आणि बैलांच्या मानेवर भारच राहत नाही. ओझे पुढे सरकले की सारा भार जुवावर येतो. गाडीवान पोती पुढे-मागे सरकवून हे साधतो. स्नोमोबाइलमध्ये बैलांच्या मानेच्या जागी दोन स्की आहेत, आणि पोत्यांच्या जागी खुद्द चालक व इंजिन. फरक एवढाच की, येथे ओझे सरकविण्याचे काम थ्रॉटलही करतो. थ्रॉटल दाबताच पट्टा ताणला जातो, मागची भुजा दबते, पुढची भुजा टेकूसारखी काम करते आणि गाडीचे नाक वर उचलले जाते. वजन स्कींवरून निघून पट्ट्यावर जाते. यालाच त्या मंडळींच्या भाषेत 'वेट ट्रान्स्फर' म्हणतात. ते किती व्हावे, हे ठरविणे म्हणजेच मागचे सस्पेन्शन लावणे.

वजन पट्ट्यावर गेले की पकड वाढते आणि नाक बर्फाच्या थरावर चढते, ही जमेची बाजू. पण स्कींवरचा भार गेला की हँडल फिरवून दिशा बदलेनाशी होते, ही खर्चाची. दोन्ही एकाच वेळी पदरात पाडून घेता येत नाहीत. सस्पेन्शनचा कोणताही पेच फिरविला तरी एका बाजूला मिळविताना दुसऱ्या बाजूला काहीतरी द्यावेच लागते. नवशिक्या चालकांची फसगत होते ती नेमकी येथे. मित्राच्या गाडीवर उत्तम चाललेले माप आपल्या गाडीवर चढवून ते मोकळे होतात. मित्राचे वजन, त्याची उभे राहण्याची ढब आणि त्याचा डोंगर या तिन्ही गोष्टी वेगळ्या असतात, हे विसरले जाते.

सुरुवात 'बसण्या'पासून

आपल्याकडे स्कूटरवर मागे कोणी बसणार असेल तर मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरची खाच वाढवून घेण्याची पद्धत आहे. स्नोमोबाइलमध्येही पहिले काम तेच, फक्त ते मोजून केले जाते. मागचा बंपर धरून गाडी उचलावयाची, सस्पेन्शन पूर्ण उलगडले आणि पट्टा जमिनीला जेमतेम टेकला की बंपरची जमिनीपासूनची उंची टेपने मोजावयाची. मग चालकाने बूट, हेल्मेट, पाठपिशवी अशा पूर्ण पोशाखानिशी गाडीवर चढून दोन-चार वेळा ती दाबावयाची व स्थिर व्हावयाचे. पुन्हा तीच उंची मोजावयाची. दोन मापांतला फरक म्हणजे गाडीचे 'बसणे'. ढोबळ नियम असा की, सस्पेन्शनच्या एकूण हालचालीपैकी एक चतुर्थांश ते एक तृतीयांश इतकी गाडी बसावी. नेमका आकडा प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तो पाहूनच पुढे जावे हे उत्तम.

गाडी याहून अधिक बसत असेल तर मागची स्प्रिंग सैल आहे. अशी गाडी चढणीला आधीच उलाळ असते. थ्रॉटल दाबताच नाक आकाशाकडे जाते आणि खड्ड्यात आपटल्यावर सस्पेन्शन तळाला टेकते. कमी बसत असेल तर स्प्रिंग फार ताणलेली आहे. मागचा भाग उंच राहून भार स्कींवर ढकलला जातो. सी-आकाराच्या पान्याने शॉक अ‍ॅब्सॉर्बरवरील कडे फिरवून हा ताण कमी-जास्त करता येतो. सर्व कडी घट्ट करूनही गाडी बसतच असेल, तर चालकाच्या वजनाला ती स्प्रिंगच अपुरी आहे असे समजून जाड तारेची बसवावी लागते. कारखान्यातून येणारी स्प्रिंग एका ठरावीक वजनाचा चालक गृहीत धरून निवडलेली असते, हे ध्यानात घेतल्यास यात आश्चर्य नाही. पाठपिशवीचे वजनही गौण नव्हे. फावडे, बर्फात खुपसून शोध घेण्याची काठी, पाणी, जेवण आणि सुटे भाग मिळून ती सहज सात-आठ किलोंची होते.

हे माप बरोबर आल्याखेरीज पुढच्या कशालाही हात लावण्यात अर्थ नसतो. पाया तिरका असताना भिंत ओळंब्यात आणण्यासारखाच तो उद्योग ठरतो.

वादीचे एक छिद्र

खरी नजाकत आहे ती पुढच्या भुजेच्या स्प्रिंगमध्ये आणि लिमिटरच्या वादीत. पुढची भुजा हा तराजूचा काटा आहे. तिच्या स्प्रिंगचा ताण वाढविला की ती रुळांचे पुढचे टोक अधिक जोराने खाली दाबते, गाडीचे नाक उचलले जाते आणि स्की हलक्या होतात. हँडल हलके लागते, गाडी कुशीवर कलविणे सोपे जाते आणि ताज्या बर्फात ती चटकन वर येते. ताण कमी केला की स्की जड होतात, वळणे नेमकी बसतात. मात्र भुसभुशीत बर्फात नाक आत घुसू लागते आणि दिवसभरात चालकाचे खांदे भरून येतात.

वादीचे काम याहून सूक्ष्म आहे. ती आखूड केली की रुळांचे पुढचे टोक वर बांधले जाते. थ्रॉटल दाबल्यावर नाक फार वर जाऊ शकत नाही, स्कींवर भार टिकून राहतो आणि पट्टा बर्फाला भिडतो तो कोनही सपाट होतो. ती सैल सोडली की पुढचे टोक खाली लोंबते, वजन मोकळेपणाने मागे जाते आणि नाक उंच उचलले जाते. उभ्या चढणीवर केवळ जोर हवा असणाऱ्याला हे सुखावते. पण भिडण्याचा कोनही तीव्र होतो. पट्टा बर्फावर चढण्याऐवजी त्याला समोरून खणू लागतो आणि गाडी स्वतःच्याच चरात खाली जाते. 'सैल सोडा म्हणजे गाडी तरंगेल' हा सल्ला म्हणूनच अर्धा खरा आहे. ताज्या हलक्या बर्फात वादी थोडी आखडून घेणे अनेक अनुभवी चालक पसंत करतात, आणि त्यामुळे वाढलेला स्कींचा भार पुढच्या स्प्रिंगचा ताण जुळवून कमी करतात.

वादीला ओळीने छिद्रे असतात. बदल करावयाचा तो एका वेळी एका छिद्राचा. वाद्या दोन असतील तर दोन्ही एकाच छिद्रात बसवाव्या लागतात, अन्यथा भुजेवर तिरका ताण येतो. वादीची लांबी बदलली की रबरी पट्ट्याचा ताणही बदलतो, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. तो पुन्हा मोजून घेतला नाही, तर सैल पट्टा आतल्या दातेरी चाकावरून उड्या मारू लागतो आणि घट्ट पट्टा प्लॅस्टिकच्या पट्ट्या झिजवितो.

काही गाड्यांत पुढची व मागची भुजा एका ठोकळ्याने एकमेकींशी बांधण्याची सोयही असते. ठोकळा घट्ट बाजूला फिरविला की दोन्ही भुजा बऱ्याच अंशी एकत्र हलतात आणि वजन मागे जाणे रोखले जाते. चाकोरीतून वेगाने जाताना, ब्रेक-थ्रॉटलच्या खेळात गाडी झुल्यासारखी पुढे-मागे डुलू नये म्हणून ही योजना. डोंगरात ती सहसा मोकळीच ठेवली जाते.

थंडी आणि हवा

स्प्रिंग भार तोलते, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर तिची घाई आवरतो. महागड्या मॉडेलांत दबण्याचा व उलगडण्याचा वेग वेगवेगळा राखण्यासाठी खटके असलेली बटणे असतात. उलगडणे फार जलद असेल तर उंचवट्यावरून गेल्यावर मागचा भाग लाथ मारल्यासारखा उसळतो. फार मंद असेल तर लागोपाठच्या खड्ड्यांत सस्पेन्शनला परत वर येण्यास सवडच मिळत नाही आणि ते दरवेळी थोडे अधिक खाली जात अखेर कडक होऊन बसते. दोन-दोन खटक्यांनी बदलत, एकाच रस्त्यावरून पुन्हा पुन्हा जाऊन हे ठरवावे लागते.

वजन वाचविण्यासाठी काही डोंगरी गाड्यांत पोलादी स्प्रिंगऐवजी दाबलेल्या हवेचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर वापरले जातात. त्यांचा लाभ असा की, छोट्या हातपंपाने ताण हवा तसा बदलता येतो. तोटा शालेय पदार्थविज्ञानातला आहे. तापमान उतरले की बंदिस्त हवेचा दाब उतरतो. २० अंश सेल्सिअसच्या उबदार गॅरेजमध्ये भरलेली हवा उणे २० अंशांच्या पहाटे डोंगरात नेली, तर तिचा दाब सुमारे १४ टक्क्यांनी घटतो. रात्री मोजून लावलेली गाडी सकाळी वेगळीच वागते ती यामुळे. म्हणूनच दाब भरावयाचा तो गाडी बाहेरच्या थंडीत पुरेसा वेळ उभी करून. पंप लावताना व काढताना थोडी हवा पंपाच्याच नळीत जाते, तेव्हा वारंवार 'तपासून पाहण्या'नेही दाब कमी होतो.

चर, कुशी आणि उतार

एवढा खटाटोप कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर उतारावर मिळते. डोंगरात गाडी चालविण्याचे अर्धे कौशल्य उताराला आडवे जाण्यात असते. चालक एका पायावर भार देऊन गाडी डोंगराकडच्या कुशीवर कलवितो आणि पट्ट्याच्या वरच्या कडेवर तोल साधत पुढे नेतो. स्की पार हलक्या असतील तर नाक भरकटते आणि गाडी उताराकडे घसरू लागते. फार जड असतील तर ती कुशीवर येतच नाही, हिसका द्यावा लागतो आणि हिशेब चुकला की ती उलटते. झाडीतून जाताना खाली घसरण्याला जागा नसते, हे वेगळे सांगावयास नको.

चढणीवर गाडी चरात रुतणे ही त्याहून गंभीर बाब आहे. हिमस्खलने प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि डोंगरी स्नोमोबाइलला मोह पडतो तो नेमका याच उतारांचा. अशा जागी गाडी अडकली की चालक खाली उतरून फावड्याने बर्फ उपसू लागतो; तो जितका वेळ तेथे असतो तितका वेळ धोक्याच्या छायेत असतो. त्याला मदत करण्यासाठी दुसरा चालक वर गेला की उतारावरील भार दुप्पट होतो आणि सापडू शकणाऱ्यांची संख्याही. अडकलेल्याकडे लगेच धाव घेऊ नका, इतरांनी सुरक्षित जागी थांबून लक्ष ठेवावे, असे हिमस्खलन प्रशिक्षणात बजावले जाते ते यासाठीच.

ब्रिटिश कोलंबियातील फर्नी गावाजवळ २८ डिसेंबर २००८ रोजी अकरा स्नोमोबाइलस्वारांपैकी आठ जणांचा बर्फाखाली गाडले जाऊन मृत्यू झाला. पहिल्या स्खलनात सापडलेल्यांना खणून काढण्यासाठी धावलेले साथीदार दुसऱ्या लोंढ्याखाली आले होते. त्याच प्रांतात रेव्हलस्टोकजवळील बोल्डर माउंटनवर १३ मार्च २०१० रोजी स्नोमोबाइलस्वारांचा मेळावा भरला असता उतार कोसळला. दोघे दगावले, तीसच्या आसपास जखमी झाले. या दुर्घटना सस्पेन्शनमुळे घडल्या नाहीत, आणि उत्तम लावलेले सस्पेन्शन स्खलन थांबवूही शकत नाही. किंबहुना चांगली चढणारी गाडी चालकाला अधिक उभ्या उतारावर नेते, हा त्यातला अवघड भाग आहे. मात्र डोंगराचा अंदाज घेऊन, साधने बाळगून गेलेल्या चालकालाही मधल्याच उतारावर नाइलाजाने थांबावे लागू नये, एवढी काळजी पान्याच्या चार फेऱ्यांत घेता येते.

ऋतूप्रमाणे ही मापेही बदलतात. जानेवारीतला कोरडा, साखरेसारखा मोकळा बर्फ आणि एप्रिलमधला दिवसा वितळून रात्री गोठलेला टणक बर्फ यांना एकच लावणी मानवत नाही. टणक बर्फावर पट्ट्याला पकड आयतीच मिळते. तेथे उणीव असते ती दिशेची, म्हणून स्की जड कराव्या लागतात. शिवाय प्लॅस्टिकच्या पट्ट्या थंड व ओल्या राहतात त्या उडणाऱ्या बर्फामुळेच. टणक पृष्ठभागावर तो उडत नाही, पट्ट्या तापून वितळू लागतात आणि इंजिनाचे पाणीही तापते. रुळांना लावलेल्या, बर्फ खरवडणाऱ्या लवचिक सळ्या तेव्हा खाली सोडाव्या लागतात.

जाणकार यासाठी एक छोटी वही बाळगतात. तारीख, तापमान, बर्फाचा प्रकार, कोणते कडे किती फिरविले आणि गाडी कशी वागली, एवढीच नोंद. एका वेळी एकच बदल करावयाचा हा नियम पाळला नाही, तर वहीचाही उपयोग होत नाही. दोन पेच एकदम फिरविल्यावर सुधारणा कशामुळे झाली हे कळण्यास मार्ग उरत नाही. बिघाड झालाच तर परतण्याची जागा ठाऊक असावी म्हणून कारखान्याची मूळ मापे पहिल्या पानावर लिहिलेली असतात.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांना तर याच पानापासून आरंभ करावा लागतो. आधीच्या मालकाचे वजन आणि त्याच्या सवयी गाडीच्या कड्यांमध्ये तशाच राहिलेल्या असतात. म्हणून सर्व कडी व खटके मूळ मापावर आणून मगच बसण्याचे माप घेतले जाते. वादीच्या छिद्रांच्या कडा उसवल्या आहेत का, प्लॅस्टिकच्या पट्ट्या झिजण्याच्या खुणेपर्यंत आल्या आहेत का आणि भुजांचे सांधे वंगण मिळून मोकळे हलतात का, हे त्याच वेळी पाहिले जाते. सांधा गंजून अडखळत असेल, तर स्प्रिंगचे कितीही कडे फिरविले तरी टेपवरचे माप दरवेळी निराळेच येत राहते.